तोक गुरू निक अझीझ : बावीस वर्षं केलांतानचे मेंत्री बेसार

पूर्वकिनारा

मलेशियाबद्दल मराठीत लिहिलं जातं ते बहुतेक वेळा क्वालालंपूरपुरतं. महाथीर, अन्वर, जुळे मनोरे, बातू केव्हजचा मुरुगन, एवढ्यात तो देश संपतो. मी अकरा वर्षं इथे पंपांच्या व्यवसायात आहे आणि कामानिमित्त मला ईशान्येच्या टोकाला, केलांतान राज्यात, पुनःपुन्हा जावं लागलं. पेनांगहून गेरिकमार्गे घाट ओलांडून उतरलं की वेगळाच मुलूख लागतो. शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी कचेऱ्या चालू. बोली अशी, की क्वालालंपूरचा मलय माणूसही दोनदा विचारतो. गोकर्णाच्या फुलांनी निळा केलेला भात खातात, त्याला नासी केराबू म्हणतात. आणि दुकानात, चहाच्या टपरीवर, गॅरेजमध्ये एका म्हाताऱ्याचा फोटो. पांढरा फेटा, पांढरी दाढी, किरकोळ अंगकाठी. या माणसाबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं.

निक अब्दुल अझीझ निक मत. लोक 'तोक गुरू' म्हणत. गुरू म्हणजे आपलाच गुरू. ते ज्या पदावर होते त्याचं नाव मेंत्री बेसार, बेसार म्हणजे मोठा. सुलतान असलेल्या नऊ राज्यांत मुख्यमंत्र्याला मेंत्री बेसार म्हणतात. राज्याला 'नगरी', किल्ल्याला 'कोटा'. राजधानी कोटा भारू म्हणजे सरळ 'नवा कोट'. असे शब्द ओळखीचे निघाले, की परका मुलूख निम्मा आपला होतो.

जन्म 10 जानेवारी 1931, कोटा भारूजवळच्या पुलाऊ मलाका गावी. मृत्यू 12 फेब्रुवारी 2015, त्याच गावात, स्वतःच्या घरात. मधल्या आयुष्यात 22 ऑक्टोबर 1990 ते 6 मे 2013 सलग मेंत्री बेसार. साडेबावीस वर्षं. तीही विरोधी पक्षाचं राज्य म्हणून, केंद्रात कायम दुसऱ्यांचं सरकार असताना. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच.

थोडी पार्श्वभूमी. त्यांचा पक्ष 'पास', म्हणजे मलेशियातला इस्लामी पक्ष. केलांतानमध्ये पास 1959 पासून सत्तेत होता. 1977 मध्ये पक्षात आपापसांतच जुंपली. मेंत्री बेसारवर त्यांच्याच लोकांनी अविश्वास आणला, रस्त्यावर दंगे झाले आणि नोव्हेंबरमध्ये केंद्राने राज्यात आणीबाणीचा कायदा लावला. मार्च 1978 च्या निवडणुकीत 36 पैकी पासच्या हाती 2 जागा उरल्या. एकोणीस वर्षांची सत्ता चार महिन्यांत गेली.

निक अझीझ तेव्हा खासदार होते. 1967 च्या पोटनिवडणुकीत निवडून आलेले मदरशाचे शिक्षक. 1982 मध्ये पासमधल्या तरुण उलेमांनी जुन्या नेतृत्वाला बाजूला केलं, त्या मंडळींत ते पुढे होते. पण 1986 ला पुन्हा मार बसला. संपूर्ण देशात पासला लोकसभेची एकच जागा मिळाली, तीही केलांतानातली.

मग पुढे चारच वर्षांत काय झालं? सत्ताधारी उम्नो पक्ष फुटला. 1987 मध्ये पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत केलांतानच्या राजघराण्यातले तंकू रझाले पंतप्रधान महाथीरांकडून 761 विरुद्ध 718 अशा 43 मतांनी हरले. त्यांनी वेगळा पक्ष काढला आणि पासशी हातमिळवणी केली. 1990 मध्ये केलांतानच्या विधानसभेच्या 39 पैकी 39 जागा या आघाडीला मिळाल्या. लोकसभेच्या 13 पैकी 13. उम्नोच्या पदरी भोपळा. आणि उपदेश करणारे मौलवी एका सकाळी मेंत्री बेसार झाले.

ते सरकारी बंगल्यात राहायला गेले नाहीत. गावातल्या लाकडी घरात राहिले, शेजारी मशीद आणि त्यांनीच वाढवलेली शाळा. तिथेच पहाटेची नमाज पढवायची, मग कचेरी. पगारातला मोठा वाटा राज्याच्या तिजोरीला आणि पक्षाला. कचेरीत खासगी पाहुणा आला तर सरकारी दिवा मालवायचा, ही गोष्ट केलांतानात मी किमान दहा जणांकडून ऐकली. दर शुक्रवारी सकाळी कोटा भारूच्या भर रस्त्यात ते प्रवचन देत. रस्त्यावर सतरंज्या, वर्तमानपत्रं पसरून हजारो माणसं बसत आणि कडेने भाजी-कपड्याचा बाजार भरे. मुख्यमंत्री दर आठवड्याला लोकांसमोर बसतो, तेही त्यांच्याच बोलीत, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

त्यांचं सगळं मला पटतं असं नाही. पण हा माणूस समजून घेतला पाहिजे असं मनापासून वाटतं. केलांतानात राहिलेलं किंवा मलेशियाचा अभ्यास केलेलं कोणी असेल तर भर घाला.

---

नवशिका

सलग साडेबावीस वर्षं म्हणजे ज्योती बसूंच्या जवळपास. आपल्याकडे वसंतराव नाईकांची सलग अकरा वर्षंही अजून कोणी मोडलेली नाहीत. एक प्रश्न. हा इस्लामी पक्ष होता, तर त्यांनी शरियाचे कायदे लावले का? हात तोडणं वगैरे? बातम्यांत तसं वाचल्याचं आठवतं.

---

ताळेबंद

नवशिका, कायदा झाला, लागू मात्र कधीच झाला नाही.

नोव्हेंबर 1993 मध्ये केलांतान विधानसभेने हुदूदसह, म्हणजे धर्मग्रंथांनी ठरवून दिलेल्या शिक्षांसह, शरिया फौजदारी कायदा मंजूर केला. चोरी, व्यभिचार, मद्यपान, धर्मत्याग, सगळ्याला त्यात शिक्षा लिहिल्या होत्या. पण मलेशियाच्या राज्यघटनेत आपल्यासारख्याच केंद्रसूची आणि राज्यसूची आहेत. फौजदारी कायदा केंद्राकडे. इस्लाम धर्माचे विषय राज्याकडे, तेही मर्यादेत. शरिया न्यायालयांना किती शिक्षा देता येते, हे संसदेचा 1965 चा कायदा ठरवतो. 1984 च्या दुरुस्तीनंतरची कमाल म्हणजे तीन वर्षं कैद, पाच हजार रिंगिट दंड, सहा फटके. त्यापलीकडे राज्याला जाता येत नाही. त्यामुळे 1993 चा कायदा कपाटात राहिला आणि निक अझीझ गेले तेव्हाही तिथेच होता.

त्यानंतरही केलांतानने प्रयत्न सोडले नाहीत. पण राज्याने 2019 मध्ये केलेल्या वेगळ्या शरिया फौजदारी कायद्यातली 16 कलमं फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. न्यायाधीश नऊ होते, निकाल आठ विरुद्ध एक. अर्ज करणाऱ्या दोघी केलांतानच्याच, आई आणि मुलगी, दोघी वकील.

मला या माणसात रस आहे तो पैशाच्या बाजूने. त्यावर सवडीने लिहितो.

---

सांजवेळ

पूर्वकिनारा, लेख आवडला. साधं राहणं, दिवे मालवणं, याबद्दल आदर आहे. पण या धाग्यात अजून बायका कुठे आल्या नाहीत, म्हणून लिहिते.

मी 2006 ते 2009 क्वालालंपूरला होते. माझी घरमालकीण केलांतानची. तिच्याबरोबर दोनदा कोटा भारूला गेले. सुपरमार्केटात पैसे द्यायला पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. नवरा-बायकोने कुठे उभं राहायचं ते पाटीवर लिहिलेलं. मुसलमान बाईने दुकानात डोकं झाकलं नाही तर नगरपालिकेचा दंड. शहरात एकही सिनेमागृह नव्हतं. मी परकी, मला कोणी काही बोललं नाही. पण घरमालकीण गाडीतून उतरताना पर्समधून पिन काढून डोक्यावरचं फडकं घट्ट करायची. क्वालालंपूरला ती तेच फडकं हौसेने, सैल बांधायची. दोन्हीकडे फडकं तेच, पण दोन्हीकडच्या हातांत फरक होता.

तोक गुरूंच्या तोंडून बायकांच्या कपड्यांबद्दल, दिसण्याबद्दल अनेकदा अशी वाक्यं गेली की मलेशियातल्या स्त्री-संघटना संतापल्या. ते मनाने वाईट होते असं मी म्हणत नाही. प्रामाणिक माणूस आपल्या समजुतीप्रमाणे राज्य चालवतो आणि त्या समजुतीचा भार दुसऱ्याच कोणाला तरी वाहावा लागतो. तोही हिशेबात धरा, एवढंच.

---

पूर्वकिनारा

सांजवेळताई, बरोबर आहे. मी पुरुष म्हणून तिथे हिंडलो, ती पिन मला दिसली नसती.

एक गोष्ट मात्र जोडतो. कोटा भारूची मोठी मंडई तुम्ही पाहिली असेल. आठ कोनांची इमारत, मधल्या चौकात वरून पिवळा उजेड, खाली भाजी-मासळी आणि वर कापड. विकणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. हिशेब त्यांचा, उधारी त्यांची, भावही त्याच ठरवतात. केलांतानात ही फार जुनी रीत आहे. या मंडईला 'सिती खदिजा' हे नाव निक अझीझ यांच्या सरकारने दिलं. खदिजा म्हणजे पैगंबरांची पहिली पत्नी, स्वतःचा व्यापार चालवणारी. बाईने व्यापार करावा, पण डोकं झाकून, अशी त्यांची धारणा होती. त्यातलं पहिलं पाहून दुसरं विसरू नये, हे मान्य.

---

पिंगुळी

मी कुडाळकडची. आमच्याकडे पिंगुळीत ठाकर समाज चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवून रामायण सांगतो. त्यामुळे केलांतानचं नाव मी राजकारणातून नाही, 'वायांग कुलित'मुळे ऐकलं. तीही चामड्याच्या बाहुल्यांची सावली. आणि कथा कुणाची? श्रीरामाची. 'सेरी रामा', 'सिती देवी', 'हनुमान'. सादर करणारे 'दालांग' जवळजवळ सगळे मुसलमान. शतकानुशतकं मुसलमान कलाकार रात्र रात्र रामकथा सांगत आले, आणि त्यात त्यांना काही अडचण वाटली नाही.

अडचण वाटली ती 1990 नंतर. या सरकारने वायांग कुलित आणि माक योंग, मेनोरा ही लोकनाट्यं यांवर बंधनं आणली आणि पुढे 1998 मध्ये मनोरंजनाच्या नियंत्रणाचा कायदाच केला. कारण असं, की सुरुवातीला भुताखेतांना, देवतांना आवाहन होतं, नैवेद्य असतो, हे इस्लामविरोधी. माक योंगमध्ये तर बायका राजाची भूमिका करतात, लोकांसमोर गातात. आणि गंमत बघा, ज्या वर्षांत ते केलांतानच्या गावांत करता येत नव्हतं त्याच काळात, 2005 मध्ये, युनेस्कोने माक योंगला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलं. कलाकार क्वालालंपूरला जाऊन खेळ करायचे. थोडीफार सवलत मिळाली ती 2019 मध्ये, तीही अटींसह.

तोपर्यंत म्हातारे दालांग गेले. आमच्याकडे हे कुणाच्या बंदीशिवाय झालं. पिंगुळीत आता बोटांवर मोजण्याइतकी घरं उरलीत, त्यामुळे ही कला किती पटकन जाते ते मला ठाऊक आहे. एक पिढी वाजवायची थांबली की पुढच्या पिढीला ताल कानावरच पडत नाही. पुस्तकातून तो येत नाही. या एका गोष्टीसाठी मी तोक गुरूंना माफ करू शकत नाही.

---

खाडीपलीकडे

पिंगुळीताईंचं दुःख कळतं. मी रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान. आमच्या आजीच्या लग्नातली गाणीही अशीच 'हे नको, ते नको' करत गेली. ते कायद्याने झालं नाही, दर शुक्रवारच्या समजावणीतून झालं.

माझा मुद्दा निराळा आहे. मूळ लेखात एक दुवा राहिला, आणि तो भारताशी आहे. निक अझीझ देवबंदचे विद्यार्थी. 1952 मध्ये, एकवीस वर्षांचे असताना, ते उत्तर प्रदेशातल्या दारुल उलूम देवबंदला आले आणि पाच वर्षं तिथे शिकले. हदीस ते मौलाना हुसेन अहमद मदनींकडे शिकले. नंतर कैरोला अल-अझहरमध्ये अरबी आणि इस्लामी कायदा. उर्दू त्यांना चांगली येत असे.

हे मदनी म्हणजे जमियत उलेमा-ए-हिंदचे अध्यक्ष, इंग्रजांच्या तुरुंगात राहिलेले, आणि फाळणीचे कट्टर विरोधक. एका देशात राहणारे हिंदू-मुसलमान मिळून एक राष्ट्र होतात, असं ते धर्माच्या आधाराने मांडत आणि त्यासाठी मुस्लिम लीगवाल्यांच्या शिव्या खात. आता पाहा. निक अझीझ आयुष्यभर उम्नोला एकच गोष्ट सुनावत राहिले, की मलय वंशाचा अभिमान हा राजकारणाचा पाया होऊ शकत नाही, वंशाभिमान इस्लामला मान्य नाही. म्हणून तर पुढे चिनी मतदारांचा पक्ष आणि पास एका आघाडीत बसू शकले. हे देवबंदहून आलं असावं, असं मला वाटतं. पुरावा नाही, अंदाज आहे.

अर्थात मदनी अल्पसंख्य समाजाचे नेते होते आणि निक अझीझ जिथे मलय 95 टक्के आहेत तिथले शासक. गुरूने धर्म राज्यापासून वेगळा ठेवून देश एक राहावा म्हटलं, शिष्याने धर्मानेच राज्य चालावं म्हटलं. एकाच मदरशातून दोन्ही निघतं.

---

पूर्वकिनारा

खाडीपलीकडे, हे मला असं जोडून कधी सुचलं नव्हतं. आभार.

बिगरमुस्लिमांबद्दल एवढं सांगतो. थायलंडच्या सीमेजवळ तुम्पात तालुक्यात सयामी लोकांची जुनी गावं आहेत. तिथल्या विहारात चाळीस मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे, तो 1990 च्या आधीपासूनचा. पण बाकीच्या विहारांत मोठमोठ्या मूर्ती उभ्या राहिल्या त्या याच काळात. रांताऊ पांजांगला चिनी वास्तुशैलीची मशीद बांधली, वळलेल्या कौलांची, लांबून देऊळ वाटावी अशी. कोटा भारूत चिनी माणसाला डुकराचं मांस आणि बिअर ठरलेल्या ठिकाणी मिळे. ताण नव्हते असं नाही. पण बाहेरच्या जगाने जे चित्र रंगवलं होतं तसं ते नव्हतं.

---

ताळेबंद

आता पैशाचं लिहितो. याशिवाय ही कारकीर्द कळत नाही.

केलांतान देशातल्या सगळ्यांत गरीब राज्यांपैकी. शेती, मासेमारी, रबर, आणि बाहेर गेलेल्या मुलांच्या मनिऑर्डरी. मलेशियात मोठे कर केंद्र गोळा करतं, राज्याच्या हाती जमीन, जंगल, पाणी आणि धर्म उरतो. 1990 मध्ये पास जिंकल्यावर केंद्राने विकासाचा पैसा राज्य सरकारच्या हातून न देता आपल्या वेगळ्या खात्यामार्फत खर्चायला सुरुवात केली. गावागावात राज्याची समिती एक आणि केंद्राची समिती दुसरी. एकाच गावात दोन प्रमुख. एक म्हणतो रस्ता मी आणला, दुसरा म्हणतो मी. असं वीस वर्षं चाललं.

मग तेल. 1974 च्या पेट्रोलियम कायद्याने सगळं तेल-वायू पेट्रोनास या सरकारी कंपनीचं झालं आणि राज्यांना उत्पन्नाच्या पाच टक्के रोख द्यायचं ठरलं. राज्यांशी करार करणारे पेट्रोनासचे पहिले अध्यक्ष कोण? तेच तंकू रझाले. केलांतानच्या समोरच्या समुद्रातून वायू निघतो, म्हणून केलांतान पाच टक्के मागत राहिलं. केंद्राचं म्हणणं, विहिरी किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे आहेत, तो समुद्र राज्याचा नाही. यावर 'मग शेजारच्या तेरेंगानूला कसे दिले?' हा प्रश्न येतो. त्यांच्या विहिरीही लांबच होत्या. उत्तर 2000 मध्ये मिळालं. 1999 ला तेरेंगानूत पास निवडून आला आणि पुढच्याच वर्षी केंद्राने त्यांचेही पाच टक्के बंद करून 'वांग इहसान', म्हणजे सद्भावनेचा पैसा, असं नाव देऊन तो केंद्राच्या यंत्रणेतून वाटायला घेतला. हक्काचं देणं झालं मेहेरबानी. केलांतानने 2010 मध्ये पेट्रोनासवर दावा लावला. निक अझीझ यांच्या हयातीत त्यातून काही निघालं नाही.

स्वतःहूनही बरंच करून पाहिलं. 1992 मध्ये अर-रहनू, म्हणजे सोन्याच्या दागिन्यांवर बिनव्याजी कर्ज देणारं तारण दुकान, राज्याच्या कंपनीने काढलं. तेरेंगानू काही आठवडे पुढे होतं, पण दोघांनी मिळून देशाला वाट दाखवली. आज मलेशियाभर बँकांची आणि सहकारी संस्थांची अर-रहनू दुकानं आहेत. सावकाराकडे जाणाऱ्या मंडईतल्या बायकांना याचा खरा उपयोग झाला. ऑगस्ट 2010 मध्ये सोन्याचे दिनार आणि चांदीचे दिरहम काढले, तेव्हा केंद्राने ते कायदेशीर चलन नाही म्हणून सांगितलं. लोकांनी ते साठवून ठेवले, बाजारात फिरले नाहीत.

माझं मत असं. केंद्राने कोंडी केली हे शंभर टक्के खरं. पण कोंडीचं कारण वीस वर्षं पुरवायचं असेल तर आपल्या हातातल्या गोष्टी तरी चोख हव्यात. पाणी आणि जंगल राज्याकडे होतं. पाण्याबद्दल पूर्वकिनारा बोलू शकतील.

---

पूर्वकिनारा

ताळेबंद, तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत. मी लेखात टाळलं होतं, आता लिहितो.

कोटा भारूच्या परिसरात पिण्याचं बरंच पाणी जमिनीतून उपसतात. त्या पाण्यात लोह आणि मँगनीज भरपूर. विहिरीतून येताना ते स्वच्छ दिसतं, हवा लागली की पिवळं, मग तांबूस. ते काढणं अवघड नाही. हवा घालायची, गाळ बसू द्यायचा, वाळूतून गाळायचं, गाळण्या वेळेवर धुवायच्या. लागतो तो पैसा आणि रोजची शिस्त. शुद्ध केलेल्या पाण्यापैकी जवळपास निम्मं जुन्या नळांतून गळतं. गळक्या नळात दाब उतरला की बाहेरची माती आत येते.

मी एका जलशुद्धीकरण केंद्रावर आठ दिवस होतो. पंप आमचे, गाळण्या आधीच्या. गाळण धुवायला जेवढं पाणी लागतं तेवढं देता येत नव्हतं, कारण ते धुण्यात घालवलं तर लोकांना कमी पडणार. म्हणून गाळण अर्धवट धुवायची, म्हणून पाणी पिवळं. तिथला मुकादम साठीचा, तोक गुरूंचा परमभक्त. हौदाच्या काठावर उभा राहून तो मला म्हणाला, आमच्या घरी कपडे विहिरीच्या पाण्याने धुतो, नळाच्या पाण्याने पांढरा सदरा खराब होतो. त्याच्या खिशात तोक गुरूंचा छोटा फोटो होता आणि ते बोलताना त्याला कसलाही विरोध जाणवत नव्हता.

मी मात्र रात्रभर त्याचा विचार करत बसलो. त्या पांढऱ्या फेट्याला कधी पैशाचा डाग लागला नाही, याचं मला इतकं कौतुक होतं. आणि त्याच राज्यात पांढरा कपडा नळाखाली धुता येत नव्हता. केंद्राने पैसा अडवला, खरं. पण साडेबावीस वर्षांत हे एक काम सगळ्यांच्या आधी धरायला हवं होतं. माणूस स्वच्छ राहिला म्हणून कारभार आपोआप स्वच्छ होत नाही. कारभाराला गाळण लागते, आणि ती रोज धुवावी लागते.

---

नवशिका

फार आवडलं हे. मग लोक मतं का देत राहिले? आणि खरंच एकही डाग नाही?

---

पूर्वकिनारा

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. राज्याच्या गुंतवणूक कंपनीच्या प्रमुखपदी त्यांचा जावई होता. 2009 मध्ये त्यावरून पक्षातूनच आवाज उठला आणि जावयाला पद सोडावं लागलं. त्याच सुमारास कोणीतरी त्यांच्या हज यात्रेचा खर्च करणार होतं, तोही वाद झाला आणि ते त्या यात्रेला गेले नाहीत. त्यांच्या वैयक्तिक राहणीवर विरोधकांनाही बोट ठेवता आलं नाही, पण घरातल्या माणसाला खुर्चीवर बसवणं चुकीचंच होतं.

घरावर आलेलं एक संकट मोठं होतं. ऑगस्ट 2001 मध्ये त्यांचा मुलगा निक अदली अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली धरला गेला, अतिरेकी गटाचा म्होरक्या असल्याचा आरोप. हा कायदा म्हणजे खटल्याशिवाय कैद. पाच वर्षांनी, 2006 मध्ये, तो सुटला. खटला कधी चाललाच नाही. बाप राज्याचा प्रमुख आणि मुलगा केंद्राच्या कोठडीत, या अवस्थेत त्यांनी राज्य चालवलं.

मतांचं म्हणाल तर चढ-उतार होतेच. 1999 मध्ये, पदावरून काढलेले उपपंतप्रधान अन्वर यांना तुरुंगात टाकल्याच्या रागात, 43 पैकी 41 जागा. 2004 मध्ये नवे पंतप्रधान अब्दुल्ला बदावींची लाट आली आणि 45 पैकी फक्त 24. समोर 21. पुढच्या वर्षी पेंकालान पासिरची पोटनिवडणूक 134 मतांनी हरले, मग 23 विरुद्ध 22. एका आमदाराचा ताप वाढला तरी सरकार पडेल अशी स्थिती. त्यावर ते दोन वर्षांहून जास्त तगले आणि 2008 ला 38 जागा घेऊन परत आले. 2009 मध्ये मानेक उराईला फक्त 65 मतांनी वाचले. हे आकडे पाहा, म्हणजे हा काही आंधळा गड नव्हता हे लक्षात येईल. केलांतानचा मतदार दर वेळी तोलत होता.

का देत होते? मी ऐकलेलं सांगतो. मंडईत बुडू नावाची माशांची आंबवलेली चटणी विकणाऱ्या मावशींना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, दिल्लीसारख्या लांबच्या... म्हणजे पुत्रजायाच्या, केंद्र सरकारच्या, लोकांनी दर निवडणुकीला पूल आणतो, रस्ता आणतो म्हटलं, जणू आम्ही विकायलाच बसलोय. आम्ही बुडू विकतो, मत नाही. असा स्वाभिमान त्यांच्या बोलण्यात होता. आणि तोक गुरू त्याचा चेहरा होते, कारण ते त्यांच्यासारखेच दिसत, बोलत, राहत.

---

सांजवेळ

ही मावशी मला फार आवडली. माझ्या घरमालकिणीची आई अशीच होती. ती तोक गुरूंना मत द्यायची आणि मुलीच्या पिनेवरून त्यांच्यावर चिडायचीही. दोन्ही एकाच श्वासात.

त्यांच्यानंतर काय झालं पक्षाचं?

---

ताळेबंद

मे 2013 ची निवडणूक त्यांनी जिंकली, आपली चंपाका जागाही राखली, आणि पद आपल्या उपमेंत्री बेसारांकडे, अहमद याकोब यांच्याकडे दिलं. पक्षाचे सर्वोच्च आध्यात्मिक मार्गदर्शक मात्र 1991 पासून शेवटपर्यंत तेच होते. हा मुद्दा महत्त्वाचा. 2008 नंतर पासमधला एक गट उम्नोशी जुळवून घ्यायला उत्सुक होता, ते निक अझीझ यांनी जाहीरपणे, पुनःपुन्हा अडवलं. सत्तरच्या दशकात पास उम्नोबरोबर केंद्रातल्या आघाडीत होता, आणि 1977 मध्ये त्या संसाराने पक्षाचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं.

फेब्रुवारी 2015 मध्ये ते गेले आणि चार महिन्यांत विरोधी आघाडी मोडली. सप्टेंबरमध्ये पासमधला सुधारणावादी गट बाहेर पडून 'अमानाह' पक्ष झाला. पुढे पास आणि उम्नो एकत्र सत्तेतही बसले. त्यांची मुलंसुद्धा दोन बाजूंना गेली. एक पासचा खासदार झाला, आणि दुसरा 2018 मध्ये वडिलांच्याच चंपाकातून अमानाहतर्फे उभा राहून हरला.

---

खाडीपलीकडे

अंत्ययात्रा मी टीव्हीवर पाहिली होती. 13 फेब्रुवारी, शुक्रवार. तोच त्यांच्या प्रवचनाचा वार. गावातल्या अरुंद रस्त्यावर माणसांचा पूर. चंपाकाच्या पोटनिवडणुकीत उम्नोने उमेदवारच दिला नाही, हेही सांगायला हवं.

---

पिंगुळी

माझं मत बदललेलं नाही, पण धागा वाचून माणूस कळला. पूर्वकिनारा, पुन्हा कोटा भारूला गेलात तर गेलांगगांग सेनी या तिथल्या सांस्कृतिक केंद्रात वायांग कुलितचा प्रयोग असतो का विचारा. दालांगच्या बाहुल्या कशाच्या, बैलाच्या की बकऱ्याच्या कातड्याच्या, आणि सेरी रामाचा रंग हिरवा का, तेवढं कळवा. आमच्याकडे रामाचा रंग निळा.

---

पूर्वकिनारा

जरूर. पुढच्या महिन्यात जातोय, गाळण बदलायची आहे. फोटो आणतो.